गाढी कुठपासून कुठपर्यंत

माथेरानच्या डोंगराचं पाणी दोन वाटांनी जातं. पूर्वेला नेरळच्या अंगाला उतरतं ते उल्हासला मिळून कल्याणकडे निघतं. पश्चिमेला धोदाणी, मालडुंग्याच्या वाड्यांवरून उतरतं ते पनवेलला येतं. ही पनवेलची गाढी. डोंगरावर वर्षाला पाच हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस, आणि तिथून खाडीपर्यंतची धाव अगदी थोडी. त्यामुळे पावसाळ्यात तिला चढायला वेळ लागत नाही आणि उन्हाळ्यात आटायलाही नाही.

कोकणात लहान नदीला बहुधा काठच्या गावाचंच नाव चिकटतं. पनवेलच्या दक्षिणेची काळुंद्रे नदी काळुंद्रे गावाची, खाडीपलीकडची उलवे नदी उलव्याची. गाढी या रांगेत बसत नाही. नेरे, विचुंबे, देवद ही तिच्या काठची नांदती गावं, पण एकाचंही नाव तिला लागलं नाही. तिचं नाव जुळतं ते वरच्या अंगाच्या महादेवाशी, गाढेश्वराशी. लिहिताना कुणी गाढेश्वर लिहितं, कुणी गाडेश्वर. पण डोंगराच्या पायथ्याशी देव, ठिकाण आणि पाणी यांची नावं एकाच कुळातली आहेत, आणि हे नाव नदीबरोबर खाली उतरत आलं आहे.

पनवेलला पोचल्यावर मात्र ते मागे पडतं. इथून पुढे तिला खाडी म्हणतात, आणि पनवेल मोठं झालं ते या खाडीवरच. 1830 साली बोरघाटातून गाडीरस्ता खुला झाला, तेव्हा मुंबईचा माणूस पाण्यातून पनवेलला यायचा आणि इथून जमिनीवरून पुण्याची वाट धरायचा. भात, मीठ, प्रवासी, सगळ्यांचं वेळापत्रक भरती-ओहोटीच्या हाती होतं. वरून येणाऱ्या गोड्या पाण्याचं नाव काय, याच्याशी बंदराला फारसं कर्तव्य नव्हतं. 1852 साली इथे नगरपालिका आली. राज्यातल्या सर्वांत जुन्या नगरपालिकांपैकी ती एक.

पुढे तहानेनं शहराला पुन्हा गाढीकडे वळवलं. नगरपालिकेनं वरच्या अंगाला धरण बांधलं, पण त्याचं नाव पडलं देहरंग. गाढीचं पाणी घरात आलं ते देहरंगचं म्हणून. तेही पुरेनासं झालं, तेव्हा पाताळगंगेचं पाणी घ्यावं लागलं. पाताळगंगा उन्हाळ्यातही वाहते, कारण 1915 पासून खोपोलीच्या वीजघरातून घाटमाथ्यावरचं, एरवी भीमेकडे गेलं असतं असं पाणी तिच्यात उतरतं. गाढीला असा पाठीराखा नाही. तिच्याकडे फक्त माथेरानचा पाऊस आहे.

26 जुलै 2005 ला तो एकदम आला. नदी गावात शिरली. 1849 साली बांधलेल्या बेथ एल सिनेगॉगमध्ये पाणी चढलं आणि बेने इस्रायली समाजाच्या पवित्र तोरा ग्रंथांच्या गुंडाळ्या भिजल्या. नदीकाठच्या वसाहतींत राहायला आलेल्या कितीतरी कुटुंबांना शेजारच्या पाण्याचं नाव पुरामुळेच कळलं. आजही गाढी हा शब्द बातम्यांत येतो तो बहुतेक वेळा इशाऱ्याच्या पातळीबरोबर. जी नदी शहराला पाणी देते, तिची ओळख केवळ धोका म्हणून उरावी याचं मला मनापासून वाईट वाटतं.

मग आला नवी मुंबईचा विमानतळ. मूळ आराखड्यात गाढी आणि उलवे या दोन्ही नद्यांचे प्रवाह वळवायचे होते. नोव्हेंबर 2010 मध्ये पर्यावरण मंजुरी मिळाली, ती गाढी न वळवण्याच्या अटीवर. उलव्याच्या नशिबी ती सवलत नव्हती. तिचा प्रवाह वळवला गेला, उलव्याची टेकडी सुरुंगांनी उतरवली, आणि ऑक्टोबर 2025 मध्ये विमानतळाचं उद्घाटन झालं. विमानतळाला प्रकल्पग्रस्तांचे नेते दि. बा. पाटील यांचं नाव मिळावं म्हणून 2021 साली इथल्या भूमिपुत्रांनी मानवी साखळी केली होती. आपल्या जमिनीवरच्या वास्तूला आपल्या माणसाचं नाव हवं, ही ती मागणी होती, आणि ती रास्तच होती. नदीच्या नावासाठी मात्र कुणी रस्त्यावर आलं नाही.

आज उलवे म्हटलं की डोळ्यांपुढे नदी येत नाही, येतो सिडकोचा इमारतींचा उपनगरी भाग. उलवे नदीचं जुनं पात्र, वळण आणि संगम दाखवणारा एक नकाशा पनवेलच्या प्रत्येक शाळेत लागायला हवा, आणि त्यातच धोदाणीपासून खाडीच्या मुखापर्यंत एकाच नावाने काढलेली गाढीही हवी.