माशी, टकळी आणि सवालीराम

‘प्रकल्प’ हा शब्द आपल्याकडे रुळला तो धरणांमुळे. कोयना प्रकल्प, जायकवाडी प्रकल्प. त्याच्या मागोमाग ‘प्रकल्पग्रस्त’ आला. शाळेत हा शब्द पुष्कळ उशिरा शिरला, आणि आता घरोघरी प्रकल्पग्रस्त आहेत. रविवारी रात्री जेवणे आटोपल्यावर मुलाला आठवते की उद्या प्रकल्प द्यायचा आहे. मग आई किंवा बाबा दुकान बंद होण्याच्या आत धावतात. जलप्रदूषण, थोर नेते, पक्षी, ग्रह, सगळ्यांचे छापील तक्ते तिथे मिळतात. कात्री आणि डिंक एवढेच काम उरते. जलप्रदूषणाची देखणी वही तयार होते आणि वस्तीमागून वाहणाऱ्या नाल्याकडे मात्र कुणीही डोळे उघडून पाहिलेले नसते.

यात मुलांचा दोष किती? हेतू तर चांगलाच होता. पर्यावरण हा विषय शाळा-महाविद्यालयांतून शिकवावा, असे सर्वोच्च न्यायालयाने एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर १९९१ मध्ये सांगितले, आणि ते नीट होत नाही असे पाहून २००३ मध्ये पुन्हा बजावले. विषय आला, प्रकल्प आला, गुण आले. गुण आले तसे दुकानदारही आले.

पण वही भरून प्रकल्प झाल्याचे दाखवणे हे आपल्याच काळातले पाप आहे असे समजू नका. प्रकल्पपद्धतीच्या पाळण्याशेजारीच त्याची एक गोष्ट आहे.

अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात विल्यम किलपॅट्रिक नावाचे शिक्षणाचे प्राध्यापक होते, जॉन ड्युई यांच्या विचारांतून घडलेले. १९१८ मध्ये त्यांनी ‘प्रकल्पपद्धती’ या नावाचा एक लेख लिहिला. मुलाने मनापासून, स्वतःच्या हेतूने आणि चार लोकांत राहून केलेले काम म्हणजे शिक्षण, असा त्याचा आशय. लेख जगभर गाजला. पण प्रत्यक्ष शाळेत हे होते कसे, हे दाखवणारे उदाहरण हवे होते. ते एल्सवर्थ कॉलिंग्ज या त्यांच्या विद्यार्थ्याने पुरवले. कॉलिंग्ज मिसुरी राज्यातल्या एका ग्रामीण भागात शाळांचे अधिकारी होते. तिथल्या चार वर्षांच्या प्रयोगावर त्यांनी प्रबंध लिहिला आणि १९२३ मध्ये त्याचे पुस्तक निघाले.

त्यातला सर्वांत प्रसिद्ध प्रकल्प विषमज्वराचा, म्हणजे टायफॉइडचा. स्मिथ नावाच्या माणसाच्या घरात हा ताप वरचेवर का येतो, असा प्रश्न मुलांना पडतो. मुले त्या घरी जातात, पाहणी करतात, वाचतात, वाद घालतात. अखेर संशय माशीवर येऊन थांबतो. मग माश्यांचा बंदोबस्त कसा करावा याचा शोध सुरू होतो. शिक्षणशास्त्राच्या पुस्तकांतून ही गोष्ट दशकानुदशके सांगितली गेली. कुणाला आवडणार नाही? खरा आजार, खरे घर आणि गुप्तहेरासारखी कामाला लागलेली मुले!

१९९६ मध्ये मिखाएल नॉल या जर्मन अभ्यासकाने जुनी कागदपत्रे तपासली. प्रबंधात वर्णन केला आहे तसा प्रयोग झालाच नव्हता, असे त्यांनी दाखवून दिले. म्हणजे जगातल्या सर्वांत नावाजलेल्या शालेय प्रकल्पाची वहीसुद्धा घरी बसून भरलेली होती! आपल्या दुकानदाराने हे वाचले तर त्याला केवढा धीर येईल.

असे असले तरी पद्धतच खोटी ठरत नाही. खरे प्रयत्नही झाले, आणि त्यांतला एक मोठा आपल्या वर्ध्यात सुरू झाला.

२२ आणि २३ ऑक्टोबर १९३७. वर्ध्याला राष्ट्रीय शिक्षण परिषद भरली. अध्यक्ष महात्मा गांधी. काँग्रेसची सरकारे नुकतीच आलेल्या प्रांतांचे शिक्षणमंत्री हजर होते. सात वर्षे मोफत आणि सक्तीचे शिक्षण, मातृभाषेचे माध्यम, आणि सारे शिकणे एखाद्या उत्पादक हस्तव्यवसायाभोवती गुंफलेले, असे ठराव झाले. यातून हळूहळू शिक्षकाचा पगार निघावा, अशीही अपेक्षा होती. पुढे हीच योजना ‘नई तालीम’ म्हणून ओळखली गेली.

या नावापाशी मी नेहमी थांबतो. आमच्या घरच्या बोलीत तालीम म्हणजे शिक्षण. मराठीत मात्र तालीम म्हटले की तांबडी माती आणि लंगोट, नाहीतर नाटकाची तालीम. मला मराठी अर्थ जास्त भावतो. शिकणे म्हणजे अंगाला माती लागणे, आणि खऱ्या खेळाआधी पुन्हा पुन्हा करून पाहणे. गांधीजींच्या मनात याहून फार वेगळे काही नसावे.

त्या परिषदेत चाळीस वर्षांचा एक गृहस्थ बोलायला उभा राहिला. डॉ. झाकिर हुसेन, दिल्लीच्या जामिया मिलिया इस्लामियाचे कुलगुरू, बर्लिनला डॉक्टरेट करून आलेले. त्यांच्या जामियातल्या शाळेत मुले स्वतःची बँक आणि स्वतःचे दुकान चालवत. असा माणूस होकारच भरेल असे सर्वांना वाटले असणार. त्यांनी योजनेचे स्वागत केले, पण दोन गोष्टी गांधीजींच्या समोरच सांगितल्या. एक, कामातून शिक्षण ही कल्पना नवी नाही. अमेरिकेत तिला प्रकल्पपद्धती म्हणतात आणि रशियातही तिचे एक रूप आहे. दुसरी जास्त टोचणारी. शाळा स्वतःच्या कमाईवर चालवायचा अट्टाहास धरला, तर शिक्षक गरीब मुलांच्या श्रमांचा मुकादम होईल, आणि मग टकळी पुस्तकापेक्षाही वाईट ठरेल.

गांधीजींनी काय करावे? आराखडा तयार करायला नेमलेल्या समितीचे अध्यक्षपद त्यांनाच दिले! समितीत विनोबा, काका कालेलकर, किशोरलाल मशरूवाला, कुमारप्पा अशी माणसे होती. २ डिसेंबर १९३७ रोजी अहवाल हातात पडला. तेव्हाच्या सभ्यतेचा हा नमुना मला फार मोलाचा वाटतो. शंका काढणाऱ्याला बाहेर घालवायचे नाही, त्यालाच कामाला लावायचे.

कागदावर ही योजना सुंदर आहे. मूल सूत कातते. १६० तारांची एक लटी, चार लटींची एक गुंडी, हे मोजताना गणित येते. कापूस कुठल्या मातीत येतो, हे विचारताना भूगोल. हातमाग का बसला, हे विचारताना इतिहास. यालाच समवाय म्हणत. सेवाग्रामला हे मनापासून झाले, कारण तिथे सवाल विचारणारे शिक्षक होते. बाकी बऱ्याच ठिकाणी समवाय गळून पडला आणि टकळी तेवढी राहिली. घंटा झाली की कातायचे, घंटा झाली की थांबायचे. झाकिरसाहेबांची भीती अशी अर्धीमुर्धी खरी झाली. पुढे १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने ‘कार्यानुभवा’ची शिफारस केली. आमच्या पिढीने त्या तासाला खडू पाडले, मेणबत्त्या ओतल्या. हात चिकट झाले, मजाही आली. पण मेण का वितळते, हे ना कुणी विचारले ना कुणी सांगितले.

आता सातपुडा ओलांडून नर्मदेकाठी जाऊ. मध्य प्रदेशात होशंगाबाद जिल्हा आहे. आज त्याचे नाव नर्मदापुरम. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतली नोकरी सोडून अनिल सद्गोपाल तिथल्या एका खेड्यात गेले आणि त्यांनी ‘किशोर भारती’ ही संस्था काढली. रसूलियाच्या फ्रेंड्स रूरल सेंटरच्या साथीने १९७२ मध्ये सोळा सरकारी शाळांत सहावी ते आठवीचे विज्ञान नव्या रीतीने शिकवायला सुरुवात झाली. याची एक मुळी मुंबईत होती. त्याच संशोधन संस्थेतल्या डॉ. वि. गो. कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबई महापालिकेच्या शाळांत असा प्रयत्न आधी करून पाहिला होता.

रीत काय? चार-चार मुलांची टोळी. प्रत्येक टोळीजवळ साधे, स्वस्त साहित्य. ‘बाल वैज्ञानिक’ नावाचे पुस्तक, ज्यात उत्तरे कमी आणि कृती अन् प्रश्न जास्त. मुले वर्गाबाहेर पडत, शेतात, ओढ्यावर. शेणावर घातलेल्या अंड्यांपासून अळी, अळीपासून कोष, कोषातून माशी, हे रोज पाहायचे आणि आपल्या शब्दांत लिहायचे. मिसुरीची माशी पुस्तकात राहिली. होशंगाबादची माशी मुलांच्या डोळ्यांदेखत उडाली.

हे आपोआप घडले नाही. ‘मुलांना जगाशी जोडा’ असे परिपत्रक काढून कुणी जोडले जात नाही. इथे शिक्षकांना उन्हाळी सुट्टीत प्रशिक्षण होते, तेही स्वतः बेडूक-बिया हाताळून. दर महिन्याला बैठक होती. शिक्षक काय बिघडले ते सांगत आणि त्यावरून धडे पुन्हा लिहिले जात. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे परीक्षाच बदलली होती. पुस्तक उघडे ठेवून पेपर लिहायचा, शिवाय प्रयोग करून दाखवायचा. माझ्या मते सगळी किल्ली इथे आहे. परीक्षा पाठांतराची ठेवून प्रकल्प शोधाचा मागाल तर मूल शहाणे असते, ते दुकानात जाईल. आणि शिक्षकाला उत्तर आधीच ठाऊक असेल, तर मूल ते उत्तर ओळखायचा खेळ खेळेल. शिक्षकाने ‘मलाही माहीत नाही, बघू या’ असे म्हणायचे तर त्याला वेळ, साथी आणि वरिष्ठांचे अभय लागते. होशंगाबादला ते काही काळ मिळाले.

१९७८ मध्ये कार्यक्रम जिल्हाभर गेला. त्याच सुमारास अरविंद गुप्ता नावाचा एक तरुण अभियंता पुण्याच्या कारखान्यातून रजा घेऊन तिथे पोचला. सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे आणि आगपेटीच्या काड्या यांतून त्याने भूमितीचे आकार जोडले. पुढे पुण्याच्या आयुकात बसून त्यांनी टाकाऊतून केलेली खेळणी जगभर पोचली. १९८२ मध्ये ‘एकलव्य’ संस्था उभी राहिली आणि तिने हे काम पुढे नेले.

मग २००२ मध्ये सरकारने कार्यक्रम बंद केला. तीस वर्षांनी. एका जिल्ह्याची मुले राज्यापेक्षा वेगळे का शिकतात, हा आक्षेप होता. वेगळे शिकणे हा गुन्हा कसा, हे मला अजून उमगलेले नाही. पण एक मान्य करायला हवे. पालकांना मुलांचे गुण हवे असतात, आणि शेजारच्या जिल्ह्यातले मूल तेच जुने पुस्तक पाठ करून पुढे जाताना दिसले तर त्यांच्या पोटात गोळा येणारच. एकट्या बेटाने किती दिवस भरतीला तोंड द्यावे?

या कार्यक्रमातला एक माणूस मात्र सरकारी आदेशाने बंद झाला नाही, कारण तो मुळात नव्हताच. त्याचे नाव सवालीराम. मुलांच्या मनात जे काही येईल ते त्याला पत्राने विचारायचे आणि तो उत्तर पाठवायचा. त्याच्या नावाने शास्त्रज्ञ आणि शिक्षक बसून उत्तरे शोधत. पुढे एकलव्यच्या ‘संदर्भ’ या हिंदी नियतकालिकात सवालीरामचे सदर आले; त्याच वाटेने मराठीत ‘शैक्षणिक संदर्भ’ही निघाले. सदराची रीत अशी की आधी नुसता सवाल छापायचा, आणि तुम्हाला काय वाटते ते कळवा, असे वाचकांना सांगायचे. उत्तर पुढच्या अंकात.