शिरांतर्गत लियोमायोमॅटोसिस

गर्भाशयातील अरेखित स्नायूंची साधी, म्हणजे कर्करोग नसलेली, गाठ शिरांच्या पोकळीत शिरून वाढत जाण्याचा दुर्मीळ विकार. गर्भाशयातल्या अशा गाठी, म्हणजे फायब्रॉइड, घरोघरी ऐकू येतात. त्यांतल्या फारच थोड्या या वाटेला जातात. रुग्ण बहुधा चाळिशीच्या आसपासच्या, रजोनिवृत्ती न झालेल्या स्त्रिया असतात. काहींची गर्भपिशवी फायब्रॉइडसाठीच पूर्वी काढलेली असते.

जर्मन विकृतिशास्त्रज्ञ बिर्श-हिर्शफेल्ड यांनी 1896 मध्ये या विकाराचे वर्णन केले. गाठ हृदयापर्यंत पोचल्याची नोंद ड्युर्क यांनी 1907 मध्ये केली. गाठ शिरेच्या भिंतीतल्या स्नायूंतूनच उगवते, की गर्भाशयातला फायब्रॉइड शिरेत घुसतो, हा तेव्हाचा वाद अजून मिटलेला नाही.

‘हृदयात पसरते’ म्हटले की कर्करोगाची आठवण होते, पण इथली तऱ्हा निराळी. पेशी सुटून दूर रुजत नाहीत. गाठ अखंड राहून पुढे सरकते. गर्भाशयाच्या शिरांतून ती श्रोणीतल्या मोठ्या शिरांत, तिथून अधोमहाशिरेत आणि हृदयाच्या उजव्या कर्णिकेत येते. अंडाशयाची शीर ही दुसरी वाट. वाढीला इस्ट्रोजेनचे पाठबळ असते. सूक्ष्मदर्शकाखाली पेशी शांत दिसतात, विभाजन तुरळक. तरी टोक त्रिदल झडपेत अडकले तर घेरी येते, क्वचित तडकाफडकी मृत्यूही ओढवतो. ‘साधी’ हे विशेषण पेशींपुरते खरे.

धाप, पायांवर सूज, पोटात पाणी ही लक्षणे हृदयविकाराची वाटतात. टूडी इकोत कर्णिकेत हलणारी लांबट गाठ दिसते आणि मिक्झोमा (हृदयातलीच एक साधी गाठ) किंवा रक्ताची गुठळी समजून उपचार सुरू होतात. मिक्झोमा बहुधा डाव्या कर्णिकेत, तिच्या भिंतीला देठाने चिकटलेला असतो. ही गाठ मात्र खालून, अधोमहाशिरेतून वर आलेली असते. म्हणून स्त्रीच्या उजव्या कर्णिकेत गाठ दिसली की पोटाचा व श्रोणीचा सीटी स्कॅन किंवा एमआरआय करायलाच हवा.

उपचार शस्त्रक्रियेचाच. हार्ट-लंग मशीनवर कर्णिका उघडतात आणि पोटातून शीर उघडून गाठ ओढून काढतात. ती बहुधा शिरेच्या भिंतीला चिकटलेली नसते. पांढुरका, गुळगुळीत, कासऱ्यासारखा लांब तुकडा सलग बाहेर येतो. हे एकाच बैठकीत किंवा दोन टप्प्यांत करतात. सोबत गर्भाशय आणि शक्यतो दोन्ही अंडाशये काढतात. श्रोणीत अवशेष राहिले तर गाठ काही वर्षांनीही पुन्हा वाढू शकते. अशा वेळी इस्ट्रोजेन रोखणारी औषधे देतात; स्कॅनची तपासणी वर्षानुवर्षे चालू ठेवावी लागते.