घर पाहावे नकाशात : ‘संमती’ या शब्दाचा एक कायदेशीर प्रवास

‘घर पाहावे बांधून’ ही म्हण ज्या काळात रूढ झाली, त्या काळात घर बांधवून घेणारा आणि त्या घरात राहणारा माणूस बहुधा एकच असे. ओसरी किती रुंद ठेवायची, परसदाराची पायरी कोणत्या अंगाला उतरवायची, हे त्यानेच ठरवायचे आणि काही चुकले तर बोलही स्वतःलाच लावायचा. शहरातील सदनिकेच्या व्यवहाराने ही म्हण उलटी केली. येथे घर आधी विकत घेतले जाते आणि मग बांधले जाते. पाहायला मिळतो तो नकाशा. साहजिकच विक्रीनंतर नकाशा बदलण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न या व्यवहाराच्या जन्मापासून त्याला चिकटलेला आहे.

आम्ही दोघेही साहित्य शिकवणारे. हा प्रश्न आमच्यापुढे आला तो एका पत्राच्या रूपाने. आम्ही नोंदवलेल्या सदनिकेच्या इमारतीचे चार मजले उभे राहिले असताना विकसकाने कळवले, की ‘तांत्रिक कारणास्तव काही किरकोळ फेरबदल’ होत आहेत. या किरकोळ फेरबदलांत आमच्या स्वयंपाकघरामागची कोरडी बाल्कनी नाहीशी होणार होती आणि आवारातील मुलांच्या बागेचा मोठा तुकडा वाहनतळात जाणार होता. पत्राच्या शेवटी एक आठवण होती : या बदलांना आपण करारनाम्यात संमती दिलेली आहेच. आम्ही करारनामा उघडला. संमती खरोखरच होती. अर्धे पान व्यापणाऱ्या एका इंग्रजी वाक्यात ती होती आणि पानाच्या तळाशी आमच्या सह्या होत्या. आयुष्यभर इतरांना वाचायला शिकवणाऱ्यांनी ते वाक्य वाचले नव्हते. प्रस्तुत लेख त्या न वाचलेल्या वाक्याच्या पूर्वेतिहासाचा आहे.

मुंबईत सामुदायिक घरबांधणीचा आरंभ निराळ्या वाटेने झाला होता. १९१५ साली गावदेवीत स्थापन झालेल्या सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्थेचा उल्लेख या क्षेत्रातील देशातील पहिला प्रयत्न म्हणून केला जातो. तेथे राहणारेच संस्थेचे सभासद होते. ‘आम्हाला न विचारता बदल केला’ अशी तक्रार करायची तर ती आपल्याच सभेत करावी लागे. पुढे १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठवली, त्यामुळे भाड्याने देण्यासाठी इमारत बांधण्यात पूर्वीइतका लाभ उरला नाही. गरज मात्र वाढतच होती. या कोंडीतून मालकी हक्काची सदनिका, त्या वेळच्या बोलीत ‘ओनरशिप फ्लॅट’, पुढे आली. बांधणारा आणि राहणारा हे आता दोन पक्ष झाले, आणि त्यांना जोडणारा धागा कागदाचा होता.

हा कागद किती पोकळ असू शकतो हे लवकरच दिसले. राज्य शासनाने १९६० मध्ये एक समिती नेमली, तिचा अहवाल १९६१ मध्ये आला आणि त्यातून १९६३ चा महाराष्ट्र मालकी हक्काच्या सदनिकांबाबतचा अधिनियम जन्मला. बोलण्यात तो ‘मोफा’ झाला. त्याची उद्देशिका मुळातून वाचण्यासारखी आहे. घरांच्या तीव्र टंचाईमुळे सदनिकांच्या व्यवहारात गैरप्रकार वाढत आहेत, अशी स्पष्ट कबुली तेथे आहे, आणि टंचाईच्या काळापुरते नियमन करावे असा हेतू सांगितलेला आहे. टंचाई संपली नाही, त्यामुळे तात्पुरता म्हणून आलेला कायदा पिढ्यान्‌पिढ्या टिकला.

या अधिनियमाचे सातवे कलम आपल्या विषयाचा गाभा आहे. मंजूर नकाशे आणि तपशील एकदा घेणाऱ्याला दाखवले, की त्याच्या सदनिकेच्या रचनेत त्याच्या पूर्वसंमतीवाचून बदल करता येणार नाही. इमारतीच्या रचनेत अन्य बदल करायचा किंवा जादा बांधकाम उभारायचे, तर सदनिका घेणाऱ्या सर्वांची पूर्वसंमती हवी. ‘सर्वांची’ हा शब्द येथे निर्णायक होता. शंभरांपैकी एकाने नाही म्हटले तरी काम अडावे, इतके बळ त्यात होते.

इतके बळ असलेला शब्द निर्वेध राहणे कठीणच. विस्तीर्ण भूखंडावर टप्प्याटप्प्याने इमारती उभारणाऱ्यांना पहिल्या इमारतीतील रहिवासी दुसरीच्या आड येऊ लागले. ‘कल्पिता एन्क्लेव्ह’ या संस्थेच्या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने कलमाचा अर्थ रहिवाशांच्या बाजूने लावला. कल्पनेतल्या घरांविषयीच्या वादाला हे नाव लाभावे हा योगायोगच. त्यावर १९८६ साली विधिमंडळाने कलमाची शब्दयोजना बदलली. ‘जादा बांधकाम’ सांगणारे शब्द गळले, इमारतीच्या रचनेतील बदल आणि भर एवढेच उरले. शिवाय ‘७ अ’ हे नवे कलम आले. आराखड्यातील योजनेनुसार, स्थानिक प्राधिकरणाच्या मंजुरीने उभारल्या जाणाऱ्या अन्य इमारतींना संमतीची जुनी अट कधी लागूच नव्हती असे समजावे, असे ते सांगते. कलमाचा मथळा ‘शंकानिरसन’ या अर्थाचा आहे. मजकुरात दुरुस्ती करून ती मूळ अर्थाचेच स्पष्टीकरण आहे असे सांगण्याची ही रीत पाठचिकित्सेच्या अभ्यासकांना अपरिचित नसावी.

१९९१ च्या बृहन्मुंबई विकास नियंत्रण नियमावलीने आणखी एक गोष्ट घडवली. रस्ता, बाग अशा आरक्षणाखाली जमीन देणाऱ्याला मोबदला म्हणून हस्तांतरणीय विकास हक्क मिळू लागले. हे हक्क विकता येत आणि दुसऱ्या भूखंडावर वापरता येत. म्हणजे सदनिका विकल्या गेल्यानंतर, पाया घातल्यानंतरही, दुसरीकडून विकत आणलेले चटई क्षेत्र इमारतीच्या डोक्यावर चढू शकत होते. उशिरा होणाऱ्या फेरबदलांमागचे कारण पुष्कळदा ‘तांत्रिक’ नसते, ते हे असते. भविष्यात काय मिळेल हे आज ठाऊक नाही, म्हणून भविष्यातील प्रत्येक बदलाला आजच सही घेऊन ठेवायची. आमच्या करारनाम्यातील अर्धे पान याच दूरदृष्टीचे अपत्य होते.

अशा सरसकट संमतीला संमती म्हणावे काय? १८९१ च्या संमतिवयाच्या वादापासून हा शब्द महाराष्ट्राच्या सार्वजनिक जीवनात आहे. आपण कशाला होकार देत आहोत हे होकार देणाऱ्याला उमगते का, हा त्या वादातील एक कळीचा मुद्दा होता. सदनिकेचा प्रश्न त्या प्रश्नाइतका जीवघेणा नाही, पण शब्दाची कसोटी तीच आहे. मधुविहार सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली संपूर्ण प्रकल्पाची माहिती आरंभीच उघड करण्याच्या प्रवर्तकाच्या कर्तव्यावर भर दिला. प्रकरण परत आल्यावर मुंबई उच्च न्यायालयाने २०१० साली निर्वाळा दिला, की आगाऊ घेतलेली सर्वसाधारण संमती पुरेशी नाही. संमती माहितीपूर्वक दिलेली आणि विशिष्ट योजनेपुरती असायला हवी. ‘सम्’ आणि ‘मति’ यांतील मतीला न्यायालयाने दिलेली ही मान्यता होती.

संसदेने २०१६ साली केलेला स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, म्हणजेच ‘रेरा’, १ मे २०१७ पासून पूर्णपणे अमलात आला. त्याचे चौदावे कलम ‘मोफा’च्या सातव्याचे वारसदार होय. ज्याची सदनिका त्याच्या पूर्वसंमतीवाचून तिच्यात बदल नाही, हे तत्त्व कायम राहिले. अपवाद किरकोळ बदलांचा : घेणाऱ्याने स्वतः मागितलेले, अथवा अधिकृत वास्तुविशारदाने वा अभियंत्याने शिफारस करून पडताळलेले आणि घेणाऱ्याला रीतसर कळवलेले. ‘किरकोळ’ म्हणजे काय नव्हे, हेही कायदा सांगतो. क्षेत्रफळात भर, उंचीत बदल, भिंत वा तिचा भाग उभारणे, काढणे वा छेदणे, खांब, तुळई, जमीन, जाण्यायेण्याचा मार्ग बंद करणे, अशी ती यादी आहे. कायद्याच्या गद्यात एका विशेषणासाठी एवढी जागा क्वचितच दिली जाते. हे विशेषण किती घरे गिळू शकते, हे ती यादी करणाऱ्यांना ठाऊक असावे.

इमारतीच्या आणि सामायिक जागांच्या बाबतीत मात्र ‘सर्वांची’ हा शब्द गेला. त्याच्या जागी प्रवर्तक सोडून अन्य घेणाऱ्यांपैकी दोन तृतीयांशांची संमती आली. एका कुटुंबाने कितीही सदनिका घेतल्या तरी मत एकच, अशी खबरदारीही आहे. अर्धशतकाच्या या प्रवासाचा जमाखर्च आम्ही असा मांडू : १९६३ ची संमती सर्वांची होती, पण ती न वाचता, आगाऊ उकळता येत असे. २०१६ ची संमती थोड्यांची आहे, पण प्रत्यक्ष बदल समोर ठेवून मागावी लागते. एकट्याचा नकार दुबळा झाला आणि होकार अधिक जाणता झाला.

आता आमच्या पत्राचे पुढे काय झाले ते सांगणे प्राप्त आहे. आम्ही लेखी उत्तर पाठवले. बाल्कनी काढणे म्हणजे भिंतीची जागा बदलणे, ते किरकोळ नव्हे, आमची संमती नाही, आणि तांत्रिक कारण असेल तर वास्तुविशारदाची शिफारस दाखवावी, एवढेच त्यात होते. महाराष्ट्र स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरील मंजूर नकाशाची प्रत सोबत जोडली. शिफारस आली नाही, परंतु आमच्या मजल्यावर बाल्कनी नकाशाबरहुकूम झाली. कायद्याचे एक वाक्य नीट वाचल्याचा हा लाभ होता.

बाग मात्र गेली. विकसकाची माणसे नवा नकाशा घेऊन घरोघर गेली आणि त्यांनी दोन तृतीयांश सह्या मिळवल्या. आमच्या एका होऊ घातलेल्या शेजारीणबाईंनी सहीआधी तो कागद आमच्याकडे आणला आणि मराठीतून समजावून द्यायला सांगितले. आम्ही प्रत्येक ओळ समजावली. त्यांनी शांतपणे ऐकले आणि म्हणाल्या, “कळलं सगळं. पण काम अडलं तर घरभाडं आणि हप्ता दोन्ही मला जड जातं.” त्यांनी सही केली.

त्यांची संमती पूर्व होती, माहितीपूर्वक होती, विशिष्ट होती. कायद्याच्या सर्व विशेषणांना ती उतरली. आमचा नकार आम्हाला परवडत होता, त्यांना त्यांचा परवडत नव्हता. १९६३ च्या उद्देशिकेतील ‘टंचाई’ हा शब्द आम्हाला त्या दिवशी पुन्हा आठवला. तो मजकुरातून काढून टाकता येईल असा दिवस येईपर्यंत ‘संमती’ या शब्दाचा प्रवास पुरा झाला असे म्हणता येणार नाही.