आद्याक्षरांत दडलेला सरदार

महाड तालुक्यातील शिवथरघळ ही दासबोधाच्या रचनेची जागा म्हणून सांगितली जाते. पोलादपूरहून आंबेनळी घाटाने वर गेले की प्रतापगड; तेथे १० नोव्हेंबर १६५९ रोजी अफजलखान मारला गेला. या दोन स्थळांच्या आसपास एक शब्दकोडे फार दिवस वावरते आहे. समर्थांनी शिवरायांना धाडलेल्या म्हणून दाखवल्या जाणाऱ्या ओळींची आद्याक्षरे जुळवली, की विजापूरचा सरदार निघाल्याची बातमी हाती लागते. वर्गात ही गोष्ट सांगितली की विद्यार्थी हरखून जातात आणि शंका घेण्याचे कोणाच्या मनात येत नाही.

शंका मात्र घ्यायला हवी. १६७२ सालच्या, समर्थसंप्रदायातल्याच एका पत्रात राजे भेटीस येत असल्याचा आणि ही त्यांची पहिलीच भेट असल्याचा उल्लेख आहे. भेटीवाचूनही पत्र जाऊ शकते, हे खरे. म्हणून मला अधिक महत्त्वाचा वाटतो तो खुद्द कोड्याचा अंतर्गत पुरावा. गुप्त लेख शत्रूच्या हाती पडला तरी कळू नये, एवढी त्याच्याकडून किमान अपेक्षा असते. खानाचा वकील कृष्णाजी भास्कर हा मराठी जाणणारा कुलकर्णी होता. आद्याक्षरांची युक्ती त्याला कितीशी अडली असती? शिवाय एवढी फौज विजापुराहून निघून वाईपर्यंत येते, ही काय लपून राहणारी बातमी होती? एक बारकावा आणखी. जुन्या पोथ्यांत पद्य सलग लिहीत. ओळीखाली ओळ मांडून पहिले अक्षर डोळ्यांत भरवण्याची सोय बहुधा छापील पानाची. चरण मोजून अक्षरे काढता येतात, नाही असे नाही, पण आज आपल्याला होणारा चमत्काराचा आनंद त्या मांडणीचा आहे.

तर मग हे हेरगिरीचे साधन नसून काव्यातली करमणूक आहे, असे मानणे मला सयुक्तिक वाटते. आणि करमणूक म्हणून तिचे कूळ मोठे आहे. वात्स्यायनाने चौसष्ट कलांत प्रहेलिका गणली. दण्डीने काव्यादर्शात तिचे प्रकार सांगितलेच, वर दशकुमारचरितात ओठ दुखावलेल्या मंत्रगुप्ताची सारी कथा ओष्ठ्य वर्णांवाचून रचून दाखवली. आपल्या मोरोपंतांनी (१७२९–१७९४) निरोष्ठ रामायण लिहिले. पवर्ग टाळून रामकथा सांगायची म्हणजे ‘राम’ हे नावसुद्धा उच्चारायची चोरी! पंडितांच्या या खेळाला टीकाकारांनी शब्दांची कसरत म्हणून हिणवले. बायकांच्या उखाण्यांना मात्र तसे कोणी हिणवले नाही, बहुधा त्यांच्याकडे कोणी साहित्य म्हणून पाहिलेच नाही. उखाणा म्हणजे मुळात कोडेच. नाव घेण्याचा अर्थ त्याला पुढे चिकटला.

आर्थर विन यांचे पहिले शब्दकोडे २१ डिसेंबर १९१३ रोजी न्यूयॉर्कच्या वृत्तपत्रात छापले गेले. हा प्रकार मराठीत आला तेव्हा चौकटीत सुटा वर्ण बसला नाही, काना-मात्रेसह अख्खे अक्षर बसले. ‘विजापूर’ला म्हणून चारच घरे लागतात, आणि आडव्या शब्दातला ‘पू’ उभ्या शब्दालाही दीर्घच हवा. आद्याक्षरांतून सरदार काढणाऱ्यानेही मोजली ती हीच अक्षरे.