दिवा लावणारे एक क्रियापद

मंडळी, शाळेच्या पुस्तकात ‘इल्युमिनेट’ हा इंग्रजी शब्द आला, की मुले समासात पेन्सिलीने अर्थ लिहून ठेवतात : ‘प्रकाशित करणे’. अर्थ बरोबर आहे, त्याला गुणही मिळतात. पण या एका शब्दाच्या पोटात केवढा इतिहास साठला आहे, बरे!

मूळ शब्द लॅटिन. ‘लुमेन’ म्हणजे प्रकाश. त्यावरून उजेड पाडण्याचे हे क्रियापद झाले. युरोपात छापखाने नव्हते, तेव्हा मठांतले साधू कमावलेल्या कातड्याच्या पानांवर ग्रंथ नकलून काढीत. आरंभीचे अक्षर मोठे, वेलबुट्टीचे. त्यावर सोन्याचा वर्ख बसवून तो घोटून घोटून चकचकीत करीत. पान हलले, की अक्षर झळके! या सजावटीलाही हेच क्रियापद लागले. म्हणून ‘इल्युमिनेटेड’ पोथी म्हणजे दिव्याजवळ ठेवलेली पोथी नव्हे, तर सोन्यारंगांनी सजवलेली पोथी.

पुढे हा शब्द रस्त्यावर आला. अठराव्या शतकात लढाई जिंकली किंवा तह झाला, की लंडनचे लोक खिडक्यांत मेणबत्त्या लावीत. या रोषणाईचे नाव ‘इल्युमिनेशन’. आपल्या दिवाळीची आठवण होते ना? पण तिथे एक मेख होती. ज्याच्या खिडकीत दिवा नाही, त्याच्या काचांवर जमावाचे दगड पडत.

याचा एक दाखला सांगतो. आजच्या जालना जिल्ह्यातील असई येथे २३ सप्टेंबर १८०३ रोजी शिंदे व भोसले यांच्या फौजांचा पराभव करणारा इंग्रज सेनापती आर्थर वेलस्ली तुम्हांला ठाऊक असेल. तोच पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला, इंग्लंडचा पंतप्रधानही झाला. मताधिकार वाढवणाऱ्या सुधारणांना त्याचा विरोध होता. एप्रिल १८३१ मध्ये पार्लमेंट बरखास्त झाले. सुधारणेची वाट मोकळी झाली, म्हणून तिच्या पुरस्कर्त्यांनी लंडनभर रोषणाई केली. ड्यूकचे घर मात्र अंधारात राहिले. जमावाने खिडक्या फोडल्या. घरात त्याच्या पत्नीचे शव होते. ती नुकतीच वारली होती.

सुधारणेची मागणी न्याय्य होती, यात शंका नाही. पण त्या रात्री दिवा का नाही, हे विचारायला कोणी थांबले नाही.

या क्रियापदाचा तिसरा अर्थ शिक्षक बंधुभगिनींच्या रोजच्या कामाचा : अवघड मुद्दा स्पष्ट करणे. इथे एक बारकावा ध्यानात ठेवा. ‘एन्लायटन’ हे क्रियापद बहुधा माणसाला लागते, अमक्याला शहाणे केले अशा अर्थाने. ‘इल्युमिनेट’ बहुधा विषयाला लागते. चांगले उदाहरण दिले, की विषय उजळतो. मग मुलाला तो आपला आपण दिसतो.

आपल्या ‘उजळणे’ या शब्दातही हे आहेच. भांडे उजळते ते घासून, आणि पाढ्यांची उजळणी होते ती म्हणून म्हणून. ‘परीक्षेत काय दिवे लावलेस?’ असे मुलावर खेकसण्याआधी, त्याला कुठे दिसत नाही, एवढे विचारून पाहावे. काचा फोडून घरात उजेड होत नाही.