गुपिताची दुसरी प्रत

कागदावरचें गुपित जोंपर्यंत एकाच प्रतींत असतें, तोंपर्यंत त्याचा पहारा सोपा असतो. पेटीला कुलूप, दाराशीं शिपाई आणि किल्ली अधिकाऱ्याच्या खिशांत, एवढ्यावर काम भागतें. खरी अडचण दुसरी प्रत निघाली म्हणजे सुरू होते. आज मोठमोठ्या कचेऱ्यांतील संगणक कोणी, केव्हां व काय छापलें याची टिपणें ठेवतात. इतकेंच नव्हे, तर कांहीं कागद छापण्याचें साफ नाकारतात. ही दक्षता एकाएकीं आलेली नाहीं. नक्कल करण्याचें साधन जसजसें सुलभ झालें, तसतशी ती वाढत गेली.

चेस्टर कार्लसन हे अमेरिकन गृहस्थ एका विद्युत् कंपनीच्या पेटंट खात्यांत काम करीत. आराखड्यांच्या नकला हव्या तेव्हां मिळत नसत, या त्रासाला कंटाळून त्यांनीं प्रयोग आरंभिले आणि ता. २२ ऑक्टोबर १९३८ रोजीं न्यूयॉर्कच्या अस्टोरिया भागांत विजेचा भार व कोरडी पूड यांच्या साहाय्यानें पहिली नक्कल उठविली. त्या शोधावर आधारलेलें 'झेरॉक्स ९१४' हें यंत्र १९५९ सालीं पुढें आलें. कार्बनच्या कागदावर किती प्रती काढल्या हें टंकलेखकाला ठाऊक असे. आतां कळ दाबावी आणि साध्या कागदावर प्रत घ्यावी. मूळ कागदावर तिची खूणहि राहीना.

याचा प्रत्यय अमेरिकन सरकारला लवकरच आला. संरक्षणमंत्री मॅक्नमारा यांनीं १९६७ सालीं व्हिएतनाम धोरणाचा इतिहास लिहविला. ४७ खंड, सुमारें ७,००० पानें आणि वर 'अतिगुप्त' हा शिक्का. त्याच्या मोजक्या प्रतींपैकीं एक कॅलिफोर्नियांतील रँड संस्थेच्या तिजोरींत होती. तेथील डॅनियल एल्सबर्ग यांना ती वाचण्याचा अधिकार होता. ऑक्टोबर १९६९ पासून ते खंड पिशवींत घालून बाहेर नेऊं लागले. अँथनी रुसो या मित्रासह ते एका जाहिरात कचेरींतील झेरॉक्स यंत्रावर रात्रीं नकला काढीत आणि मूळ खंड परत जागेवर ठेवीत. कुलूप शाबूत, पानें पुरीं, आणि गुपित मात्र निसटलेलें!

ता. १३ जून १९७१ रोजीं 'न्यूयॉर्क टाइम्स'नें तो मजकूर छापण्यास आरंभ केला. सरकारनें मनाई मिळविली. परंतु ३० जून रोजीं सर्वोच्च न्यायालयानें ६ विरुद्ध ३ मतांनीं ती उठविली. युद्धाविषयीं राज्यकर्ते जनतेला एक सांगत होते आणि आपसांत दुसरेंच जाणत होते, हें त्या पानांनीं उघड केलें. एल्सबर्गवरील खटला १९७३ सालीं सरकारच्याच गैरवर्तनामुळें रद्द झाला.

पुढें पहारा तिजोरीवरून यंत्रावर सरकला. कित्येक रंगीत प्रिंटर प्रत्येक पानावर डोळ्यांना सहसा न दिसणारे पिवळे ठिपके उमटवितात. त्यांतून यंत्राचा क्रमांक, तारीख व वेळ वाचतां येते, हें २००५ सालीं एका अमेरिकन संस्थेनें उलगडून दाखविलें. कचेरींतील संगणकाची रीत याहून निराळी आहे. मजकूर छापला जाण्यापूर्वीं रांगेला लागतो. तेथें कर्मचाऱ्याचें नांव, वेळ आणि पानांची संख्या नोंदली जाते. त्यावर 'गोपनीय' अशी खूण असली, किंवा बँकेच्या कार्डासारखी आकड्यांची मालिका आढळली, तर काम तेथेंच अडवितां येतें.

या नोंदींचें सामर्थ्य २०१७ सालीं दिसलें. अमेरिकन निवडणूक यंत्रणेवरील रशियन हल्ल्यासंबंधीं एक गुप्त अहवाल वृत्तपत्रकारांच्या हातीं गेला. त्याच्या प्रतीवर घडीच्या खुणा होत्या; म्हणजे तो छापून बाहेर नेलेला होता. तपासांत सहा जणांनीं तो छापल्याचें आढळलें आणि त्यांपैकीं एकीचा त्या वृत्तसंस्थेशीं पत्रव्यवहार निघाला. रिॲलिटी विनर या तरुणीला २०१८ सालीं ६३ महिन्यांची शिक्षा झाली. एल्सबर्गना उजेडांत येण्यास दीड वर्षाहून अधिक काळ लागला होता; येथें कांहीं आठवडे पुरले.

रुग्णाचा तपासणी अहवाल किंवा ठेवीदाराचा खातेक्रमांक भलत्या हातीं न जाऊं देणारा संगणक दुबळ्याचेंच रक्षण करतो. पण १९७१ सालच्या खंडांवरहि 'अतिगुप्त' हाच शिक्का होता. संगणक शिक्का ओळखतो. तो योग्य कारणासाठीं मारला आहे कीं सत्ताधाऱ्याची चूक झांकण्यासाठीं, हें त्याला कळत नाहीं. तो निवाडा पूर्वीं न्यायासनापुढें, कागद लोकांच्या हातीं आल्यावर झाला. प्रतच निघूं न देणारें कुलूप ज्या कचेरींत बसतें, तेथें शिक्का मारणाऱ्या हाताचीहि तितकीच कडक नोंद ठेविली गेली पाहिजे.