एकुलती एक प्रत

मराठी गद्याच्या इतिहासाच्या आरंभीच एक हरवलेली पोथी आहे. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी गोळा करण्यासाठी पायपीट केली. ज्याने जे पाहिले, ते त्याच्याच तोंडून ऐकून त्यांनी ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले. पुढे परचक्राच्या धामधुमीत ती मूळ पोथी नाहीशी झाली. महानुभाव मंडळींनी मग ती स्मरणातून पुन्हा उभी केली. ग्रंथ वाचला खरा, पण त्याचे निरनिराळे पाठ झाले. मूळचा शब्द कोणता, हे आज कोणीही छातीठोकपणे सांगू शकत नाही.

एकाच ठिकाणी असलेली वस्तू ही अर्धी गमावलेलीच वस्तू होय, हे आपल्या पूर्वजांना असे ठेच लागून कळले. म्हणून पोथ्यांच्या नकला होत; मठातली प्रत शिष्याबरोबर दुसऱ्या गावी जाई. पोथीला तेलापासून, पाण्यापासून, सैल बांधणीपासून सांभाळा, अशी विनवणी लेखनिक शेवटी करून ठेवीत. दिवाळीत ज्या वह्यांची आपण पूजा करतो, त्यांतही हेच शहाणपण आहे. व्यवहार आधी रोजकीर्दीत लिहावयाचा, मग खतावणीत उतरवावयाचा. एक वही उंदरांनी कुरतडली तरी दुसरीवरून बराचसा हिशेब जुळवता येई.

विसाव्या शतकात माणसाने आठवणीचा हा भार यंत्राच्या खांद्यावर दिला. सप्टेंबर १९५६ मध्ये अमेरिकेतील आय. बी. एम. कंपनीने ‘रॅमॅक’ नावाचा संगणक जाहीर केला. जगातील पहिली हार्ड डिस्क त्याला जोडलेली होती. कॅलिफोर्नियातील सॅन होसे येथे ती घडविणाऱ्या मंडळींचे प्रमुख रेनॉल्ड जॉन्सन हे मूळचे शाळामास्तर! विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिका तपासणारे यंत्र त्यांनी शिक्षक असतानाच शोधून काढले होते. आता ही नवी डिस्क कशी होती? चोवीस इंच व्यासाच्या ५० तबकड्या एकावर एक रचलेल्या, भोवती कपाटाएवढा सांगाडा आणि वजन सुमारे एक टन. एवढ्या अवाढव्य धुडात मावत ती केवळ ५० लाख अक्षरे. तरीही त्या काळी ते नवलच होते, कारण तेवढ्या मजकुराला ८० अक्षरांची एक अशी ६२,५०० भोकांची कार्डे लागली असती.

पुढे तबकड्या लहान होत गेल्या आणि त्यांचे पोट मात्र वाढत गेले. आज तळहातावर मावणाऱ्या डिस्कमध्ये उभ्या घराण्याचे फोटो राहतात. परंतु आतली रचना पाहिली की जीव दडपतो. चकचकीत तबकडी मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेत असते आणि वाचणारे टोक तिच्यावर हवेच्या पातळ थरावर तरंगत असते. मधले अंतर केसाच्या जाडीच्या हजारो पटींनी कमी. धक्का बसून ते टोक तबकडीला घासले की वरचा चुंबकीय लेप खरवडला जातो आणि त्याबरोबर अक्षरेही जातात. कधी मोटार थकते, कधी विजेचा झटका बसतो. फिरता भाग नसलेल्या नव्या डिस्काही निघाल्या आहेत, पण मरण त्यांनाही चुकलेले नाही. डिस्क बिघडणारच, केव्हा, एवढाच प्रश्न.

यंत्र धडधाकट असूनही घात होतो, तो माणसाच्या हातून. १९९८ साली पिक्सार या चित्रपट कंपनीत ‘टॉय स्टोरी २’ तयार होत होता. कोणाकडून तरी फाइली पुसण्याचा हुकूम भलत्याच जागी दिला गेला आणि बघता बघता चित्रपटाचा बहुतेक भाग नाहीसा झाला. नकला घेण्याची व्यवस्था होती, पण ती नीट चालत नसल्याचे त्या दिवशी उघडकीस आले! तारले ते गॅलिन सुसमन या बाईंनी. नुकत्याच बाळंत झाल्यामुळे त्या घरून काम करीत होत्या आणि चित्रपटाची एक प्रत त्यांच्या घरच्या संगणकावर होती. तो संगणक पांघरुणात गुंडाळून, लेकरासारखा जपत मोटारीतून कचेरीत आणला गेला.

कोरियाच्या वाट्याला असे दैव आले नाही. दक्षिण कोरियाच्या सरकारने आपल्या नोकरांना सांगितले होते, की कागदपत्रे टेबलावरच्या संगणकात न ठेवता ‘जी-ड्राइव्ह’ या सरकारी साठ्यात ठेवावीत. २६ सप्टेंबर २०२५ रोजी देजॉन शहरातील सरकारी केंद्रात बॅटऱ्यांना आग लागली आणि तो साठा भस्मसात झाला. ८५८ टेराबाइट, म्हणजे रॅमॅकच्या हिशेबाने सुमारे सतरा कोटी यंत्रांत मावेल एवढा मजकूर! साठा फार मोठा, म्हणून त्याची दुसरीकडे प्रत ठेवलेली नव्हती. घर फार मोठे आहे म्हणून त्याला कुलूप लावले नाही, असे म्हणण्यासारखेच हे झाले.

जाणकारांनी यातून एक सोपा नियम काढला आहे: मूळ धरून तीन प्रती, दोन निराळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतली एक दुसऱ्या जागी. मी त्याला एक पुस्ती जोडीन: ठेवलेली प्रत अधूनमधून उघडून वाचावी. ज्ञानेश्वरीच्या प्रती कितीतरी होत्या, पण नकलांमागून नकला होताना पाठ बिघडत गेले. अखेर शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथ महाराजांना ती शुद्ध करावी लागली. न वाचलेली प्रत ही नुसती समजूत होय.

आपल्या घरातही आज लहानशी सरकारी कचेरी नांदते आहे. आजोबांचा आवाज, नातीचे पहिले पाऊल, लग्नाचे फोटो, घराची कागदपत्रे, सारे बहुधा एकाच डिस्कवर किंवा एकाच फोनमध्ये असते. पैसा पुन्हा मिळवता येईल. गेलेल्या माणसाचा आवाज पुन्हा कोठून आणणार? तेव्हा वाचकहो, पाडव्याला जमाखर्चाची नवी वही उघडाल, तेव्हा या ठेव्याचीही एक प्रत करा. आणि भाऊबीजेला बहिणीकडे जाल, तेव्हा ओवाळणीबरोबर ती तिच्या स्वाधीन करा. दुसऱ्या गावी, पण आपल्याच माणसापाशी. पोथीची प्रत पूर्वी अशीच तर जपली जात असे!